तळ्यावरच्या माश्या

६ फेब्रुवारी

वन्सं,

पत्र बघून दचकू नका, घरी सगळे धडधाकट आहेत. फोन केला असता, पण आपलं घर तुम्हाला ठाऊक आहे. मधली भिंत फळीची आणि पलीकडे सासूबाईंचे कान. मोबाइलवर लिहावं, तर माझा मोबाइल तुमचे दादाच चार्जिंगला लावतात. म्हणून तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर लिहिते आहे. उत्तर माझ्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवा. चष्म्याच्या दुकानात पाकीट आलं तर मालकांना फार तर फ्रेमवाल्या कंपनीचं वाटेल.

विषय तुमच्या दादांचा आहे. त्यांनी कुणाकडून तरी जुना कॅमेरा घेतलाय आणि दर गुरुवारी, सुटीच्या दिवशी, माश्या आणि मधमाश्यांचे फोटो काढायला जातात. लग्न झाल्यापासून या माणसाने घरातली माशी हाताने हाकललेली मी पाहिली नाही. वजनकाटे दुरुस्त करता करता आयुष्य गेलं, आणि आता माश्या! कुठे जाता विचारलं तर म्हणतात, "तळ्यावर." तळ्यावरून येणाऱ्या माणसाच्या बुटाला चिखल नको का? उलट शर्टाच्या बाहीला दाढीच्या साबणाचा वास येतो. हे स्वतः मशीनने दाढी करतात, वन्सं. आमच्या घरात दाढीचा साबण नाही.

कुठेतरी पाणी मुरतंय. ते तळ्यातलं नाही एवढं नक्की.

लोक तुम्हाला माश्यांचे फोटो पाठवतात आणि तुम्ही नाव-गाव सांगता, असं हेच कौतुकाने सांगत असतात. मला नाव नको, गाव हवं. कॅमेऱ्यातले तीन फोटो गुपचूप छापून आणलेत, सोबत ठेवते आहे. हे तळ्यावरचे आहेत का, एवढंच सांगा. भावाची बाजू घेऊ नका.

तुमची वहिनी


१४ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं पत्र उघडलं आणि एकटीच हसत बसले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना वाटलं, मला पगारवाढ मिळाली. अहो, या वयात पुरुष कशाकशाच्या मागे लागतात. आमचा दादा माश्यांच्या मागे लागला याबद्दल देवाचे आभार माना.

आता फोटो. फळसंशोधन केंद्रात मी दिवसभर हेच करते, त्यामुळे जरा शिकवल्यासारखं होईल, सहन करा.

पहिल्या फोटोच्या मागे तुम्ही 'मधमाशी' लिहिलंय. ती मधमाशी नाही, माशी आहे. मधमाशीला चार पंख असतात, माशीला दोनच. फोटोत पंख मोजता येत नसतील तर तोंड बघायचं. मधमाशीच्या मिश्या लांब, मध्येच कोपरासारख्या वाकलेल्या. माशीच्या म्हणजे नुसती दोन आखूड टोकं. आणि माशीचे डोळे एवढे मोठे की डोक्यावर दुसऱ्या कशाला जागाच उरत नाही. हिच्या तर डोळ्यांवर ठिपकेही आहेत, मधमाशीला ते कधीच नसतात. मधमाशीचा रंग, मधमाशीचे पट्टे, पण डंख नाही. मला कधी कधी वाटतं, देवाने हिला हे कपडे कुणाला फसवायला दिले नसतील. पाखरांनी खाऊ नये म्हणून दिले असतील.

हिची अळी घाण पाण्यात वाढते. तुंबलेलं गटार, उघडी टाकी, असं काहीतरी जवळ असणार.

दुसरी खरी मधमाशी आहे, पण पोळं करणारी नाही. ही एकटी राहते आणि पानाची कड कात्रीने कापल्यासारखी गोल कापून नेते. तिला गुलाबाचं पान फार आवडतं, आणि फोटोतलं पान गुलाबाचंच आहे. आता तळ्यावर गुलाब कोणी लावले ते दादालाच विचारा!

तिसरा फोटो हललेला आहे, त्याला मी नाव देणार नाही. माझा एकच नियम आहे. जेवढं दिसतं तेवढंच सांगायचं. बाकी सगळ्यांना मी एकच वाक्य लिहून पाठवते : 'फोटोवरून खात्री होत नाही, प्रत्यक्ष पाहावं लागेल.' लोक चिडतात. चिडू देत. चुकीचं नाव दिलं की ते कायमचं चिकटतं.

आईला नमस्कार. तिचे गुडघे कसे आहेत?

तुमची वन्सं


२२ फेब्रुवारी

वन्सं,

तुम्ही हसत लिहिलंत, पण मी वाचून खुर्चीत बसले. गुलाब! तळ्यावर मी लहानपणापासून जाते आहे. तिथे लव्हाळं आहे, शेवाळ आहे, म्हशी आहेत. गुलाब कोणाच्या तरी अंगणात असतात. रोज कोणीतरी पाणी घालतं तेव्हा असतात.

आणखी दोन फोटो पाठवते. दुकानातलं भिंग लावून पाहिले. एक भुंगा आहे, तो मलाही ओळखता येतो. पण तो बसलाय कशावर बघा. खुर्चीचा हात आहे तो, लाकडाचा, घासून गुळगुळीत झालेला. मी सहज विचारलं, "तळ्यावर खुर्च्या कधी टाकल्या हो?" हे म्हणाले, "असतात पडलेल्या." नजरेला नजर दिली नाही. दुसऱ्या फोटोत फुलावर तुमची ती मधमाशीचे कपडे घातलेली बाई परत आली आहे असं मला वाटतं. तुम्ही खात्री करा.

आणखी एक. गुरुवारी पिशवीत केळी घेऊन जातात. मऊ झालेली, निवडून. विचारलं तर, "माश्यांना आवडतात."

वन्सं, सगळं हसण्यावारी न्यायची माझी तयारी होती. पण परवा सासूबाई स्वतःहून बोलल्या. मी भांडी घासत होते. म्हणाल्या, "पुरुषाला नवी आवड लागली की बाईने विचारू नये. मी विचारलं होतं." एवढंच. तुमच्या वडिलांबद्दल या घरात मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. ते कोणा दुसरीकडे निघून गेले तेव्हा तुम्ही पाटीवर अक्षरं गिरवत होतात, एवढंच मला माहीत आहे. त्यांचं नाव निघालं तर सासूबाई घर सोडतील, ही ताकीद मला लग्नाच्या दिवशीच मिळाली होती. मी नावही विचारलं नाही.

आता मला एकाच गोष्टीची भीती आहे. मुलगा बापाच्या वळणावर गेला असेल तर मी काय करायचं? सासूबाईंनी शाळेचे गणवेश शिवून तुम्हा दोघांना वाढवलं. मला तर बटणही धड लावता येत नाही.

सासूबाई सध्या पुन्हा शिलाई मशीन काढून बसतात. मी आत गेले की काम झाकतात. काय शिवताय म्हटलं, तर म्हणाल्या, "तुझी जीभ शिवता येते का बघतेय."

लवकर लिहा.

वहिनी


१९ मार्च

वहिनी,

उत्तराला उशीर झाला. केंद्रात पाहणीला माणसं आली होती.

तुमचे फोटो पाहिले. त्यात विशेष काही नाही. भुंगा कुठल्याही वाळलेल्या लाकडावर बसतो. तळ्यावर जुनी होडी असेल. दुसरी साधी मधमाशी आहे. मागच्या वेळी मी घाईत माशी म्हटलं, तीही मधमाशीच असावी. मधमाश्या सगळीकडे असतात, तळ्यावरही असतात. गुलाबाचंही तसंच, रानगुलाब कुठेही उगवतो.

फोटोवरून माणसाचं गाव काढता येत नाही. उगीच डोक्याला त्रास करून घेऊ नका. दादा साधा माणूस आहे. त्याला मी याबद्दल फोन वगैरे केलेला नाही.

आईला काही विचारू नका.

तुमची वन्सं


२४ मार्च

वन्सं,

तुम्ही मला चष्मे विकणारी समजता, पण चष्मे विकणाऱ्या बाईला भिंग धरता येतं.

त्या फोटोतल्या प्राण्याच्या मिश्या आखूड आहेत. डोळे डोकंभर आहेत. डोळ्यांवर ठिपके आहेत, भिंगाखाली एकेक दिसतो. 'मधमाशीला ते कधीच नसतात,' हे तुमच्याच अक्षरात माझ्यापुढे पडलंय. ही माशी आहे. तुम्ही दिवसभर हेच काम करता. तुमच्याकडून अशी चूक होत नाही. ही चूक केलेली आहे.

आणि होडी? मी खुर्ची लिहिलं होतं. होडीला कोपर टेकायचा हात असतो का?

फोन केलात का, हे मी विचारलंच नव्हतं. न विचारता 'केला नाही' म्हणालात, तेव्हाच समजलं. केलात. ते बोलले. आणि तुम्ही बहीण झालात, माझ्या कोणी राहिला नाहीत. हरकत नाही. पण मग पहिल्या पत्रात मला मिश्या आणि डोळे शिकवायला नको होते.

आजचा फोटो बघा. पान कापणारी ती मधमाशी, मागे गुलाब, आणि खालच्या कोपऱ्यात निळ्या चौकटीचं कापड. गेल्या दोन गुरुवारच्या सगळ्या फोटोंत ते आहे. घरात घालायचा गाऊन आहे तो. एखादी बाई खुर्चीत बसून आहे, हे तिला केळी सोलून देतात आणि मध्ये मध्ये माश्यांचे फोटो काढतात, म्हणजे घरी दाखवायला काहीतरी हातात राहील. बरोबर ना?

या गुरुवारी मी दुकानातून सुटी घेणार नाही, कारण मालक चौकशी करतील. पुढच्या गुरुवारी घेणार आहे. यांच्या मागच्या बसने जाणार. तोवर खरं सांगायचं असेल तर सांगा.

(वहिनी म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा)


२९ मार्च

वहिनी,

वहिनीच म्हणणार. दुसरं काही म्हणता येत नाही.

तुम्ही बरोबर आहात. ती माशीच आहे. आजवर हजारो फोटोंना नावं दिली, त्यात चुका झाल्या असतील, पण जाणूनबुजून खोटं नाव पहिल्यांदाच दिलं. त्या दिवशी पत्र पेटीत टाकलं आणि संध्याकाळी प्रार्थनेला बसले, तर डोळे मिटले की ते ठिपक्यांचे डोळेच समोर. उठून दिवा मालवला आणि झोपून गेले.

बाई नाही. देवाशपथ सांगते, बाई नाही. दादाने तुमचं काहीही हिरावून दुसऱ्याला दिलेलं नाही. पण जे आहे ते माझ्या तोंडून यायचं नाही. त्याने मला शब्दात बांधलंय, आणि मला स्वतःलाही त्या गोष्टीशी काही संबंध ठेवायचा नाही. मी त्याला स्पष्ट सांगितलंय, तू जा, मला बोलावू नकोस. आईने ज्या दाराला कडी घातली ते मी उघडणार नाही.

जाऊ नका, वहिनी. गेलातच, तर आईपुढे एक अक्षर काढू नका. ती कोसळेल. माझी एवढी विनंती ऐका.

तुमची वन्सं


५ एप्रिल

वन्सं,

गेले.

बस शेवटच्या स्टॉपपर्यंत जाते. तिथून हे चालत पाण्याच्या टाकीच्या मागे वळले. एक लांबट बैठी इमारत आहे, वृद्धाश्रम. फाटकाशी उघडी सांडपाण्याची टाकी, तुंबलेली. तुमची माशी जन्मते कुठे ते मी डोळ्यांनी पाहिलं. आत अंगण, भिंतीला लागून गुलाब, त्यांची पानं गोल गोल कातरलेली. तुम्ही फोटोवरून जेवढं सांगितलं होतंत तेवढं सगळं तिथे होतं. पहिल्या पत्रातलं, म्हणजे.

मी भिंतीशी उभी राहिले. तुमचे दादा माझ्याकडे पाठ करून एका म्हाताऱ्या माणसाची दाढी करत होते. ब्रशने फेस काढून, हनुवटी वर धरून, हळूहळू. ह्या माणसाने कधी माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिलेला नाही, वन्सं.

हे वळले तेव्हा वस्तरा हातात. "तू?"

"हो, मी. तळं आटलं वाटतं?"

"ओरडू नकोस. इथे झोपतात लोक."

"मी कुठे ओरडते आहे? कोण आहेत हे?"

तेवढ्यात म्हाताऱ्यांनीच विचारलं, "ही कोण?"

"सून," हे म्हणाले.

"कोणाची?"

गालावरचा फेस वाळायला लागला. मग हे म्हणाले, "तुमची."

त्यावर ते बराच वेळ माझ्या दिशेला बघत राहिले. दिसत नव्हतं त्यांना. चष्मा मीच नाकावरून काढून पाहिला. एक दांडी दोऱ्याने बांधलेली, आणि नंबर भलत्याच कोणाचा तरी. तिथल्या देणगीच्या पेटीतून मिळालेला असणार.

नंतर बाकावर बसून यांनी सगळं सांगितलं. तिथल्या स्वयंपाकघरातला काटा दुरुस्त करायला गेले होते. अंगणात एक म्हातारा खुर्चीच्या पायावर बोटाने ठोकून सांधा तपासत होता. सुताराची खोड, तुमच्या वडिलांची. तेवढ्यावरून ओळखलं. फोटो का? तर त्यांना बसल्या जागी गुलाबावरची गुणगुण ऐकू येते, पण दिसत काही नाही. म्हणून हे फोटो काढतात आणि कॅमेऱ्यात मोठा करून त्यांच्या डोळ्यांपाशी धरतात. "पंख बघा, बाबा." ते म्हणतात, "सांधा चांगला बसवलाय." एवढाच त्यांचा संसार आहे आता.

"मला का नाही सांगितलं?"

"तुझ्या तोंडावर सगळं दिसतं. आईने बघितलं असतं."

मी यांना माफ केलेलं नाही. घरी आल्यावर बोललेही नाही. त्या म्हाताऱ्यांनाही माफ करणारी मी कोण? दोन लेकरांना टाकून गेलेला माणूस आहे तो. हे सगळं मला कळतं. चष्मा मात्र पर्समध्ये टाकून आणला. तपासणीची पेटी घेऊन पुढच्या गुरुवारी मी जाणार आहे. माझं काम आहे ते.

आता खरी गोष्ट. निळ्या चौकटीचं कापड गाऊन नव्हता. त्यांच्या मांडीवर घातलेलं पांघरूण आहे. कुठून आणलं विचारलं, तर हे म्हणाले, आईने दिलं. पिशवीत कोंबलं आणि म्हणाली, तळ्यावर वारा असतो, ने. हे भोळे. त्यांना वाटलं, त्यांच्यासाठीच.

मी ते उलटून पाहिलं. उभ्या माणसाच्या खांद्याला ते पुरणार नाही. बसलेल्याच्या गुडघ्यापुरतं आहे. आणि दोन्ही बाजूंना नाड्या शिवल्यात, खुर्चीच्या हाताला बांधायला, घसरू नये म्हणून. तळ्यावर वाऱ्यात फिरणाऱ्या मुलाला आई खुर्चीला बांधायचं पांघरूण का शिवेल?

मी भुंग्याचा फोटो कॅमेऱ्यात पाहिला तसा सासूबाईंनीही कधीतरी पाहिला असेल. किंवा बाहीवरचा साबणाचा वास, तो त्यांना माझ्या आधी आला असेल, आणि ओळखीचाही वाटला असेल. विचारलं नाही. तुम्ही म्हणालात म्हणून एक अक्षर काढलं नाही. फक्त संध्याकाळी त्यांच्या मशीनपाशी पडलेले निळे दोरे गोळा केले आणि त्यांच्यासमोरच केराच्या टोपलीत टाकले. त्यांनी पाहिलं. म्हणाल्या, "लवकर आलीस आज." मी म्हटलं, "हो, तळ्यावर वारा फार होता." त्या उठून देवापुढे जाऊन बसल्या. कोसळल्या नाहीत, वन्सं. घरात तुम्ही, मी, हे, सगळे ज्यांना सांभाळत बसलो होतो, त्या आपल्या टाके घालत होत्या.

त्या म्हाताऱ्यांनी मला दोनदा विचारलं, "चिमणी येते का रे?" तुमच्या दादांना विचारत होते, पण बघत माझ्याकडे होते. चिमणी कोण ते मला कोणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

सोबत एक फोटो आहे. हा मी काढलाय, आयुष्यातला पहिला. म्हणून जरा वाकडा आहे. एक हात आहे, पांघरुणावर ठेवलेला, आणि हातावर एक प्राणी येऊन बसलाय. डोळे मोठे, मिश्या आखूड, ठिपके आहेत. ती माशी आहे, मला कोणाला विचारायची गरज नाही. पांघरुणाचा कोपरा आणि हात, हे दोन तुम्ही ओळखा. या वेळी खरं नाव द्या.

वहिनी


१० एप्रिल

वहिनी,

फोटो मिळाला. भिंगाखाली पाहिला. मग भिंग बाजूला ठेवून पाहिला.

माशी तुम्ही अचूक ओळखलीत.

पांघरुणाचा कोपरा आईचा आहे. कोपऱ्यावर ती उलट फिरून दुसरी शिवण घालते आणि दोरा आतून गाठवते. माझ्या प्रत्येक फ्रॉकला तसाच कोपरा होता. मुली विचारायच्या, तुझ्या फ्रॉकला दोनदा का शिवलंय? मी म्हणायचे, फाटू नये म्हणून. यात शंका नाही. खाली सही करून देते.

राहिला हात. अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं दिसतंय. लहानपणी अशा एका नखाच्या खाचेतून बोट फिरवत मी झोपी जायचे, असं मला आठवतं. आठवतं की मी नंतर रचलं, तेही आता सांगता येत नाही. हातोडीचा घाव चुकलेली माणसं जगात पुष्कळ असतात. तुम्ही फोटो वाकडा काढलात. नखावर उजेड पडलाय. आणि मला सध्या नीट दिसतही नाही, कागद सारखा ओला होतोय.

फोटोवरून खात्री होत नाही. प्रत्यक्ष पाहावं लागेल.

गुरुवारी सकाळच्या गाडीने येते. घरी सांगून ठेवा, मी तळ्यावर जाणार आहे. आईला म्हणावं, तिला यायचं असेल तर तिच्यासाठी खिडकीची जागा धरते.

तुमची वन्सं